भार पेलणारं जनावर

कर्वेनगरात, जुन्या हिंगणे बुद्रुकच्या बाजूला, एका गल्लीत माझं सुतारकामाचं दुकान आहे. मी लाकडातून बैल, कासव, बगळे घडवतो. पण ते बसायला, टेकायला, ताट ठेवायला. ही कला कुठे शिकलात, असं गिऱ्हाईक विचारतं. मी सांगतो, झोपाळ्याच्या कड्यांकडून.

जुन्या वाड्यातल्या पितळी कड्या नीट पाहा. मध्ये हत्ती असतो, मोर असतो, घोडेस्वार असतो. हत्तीच्या पाठीवर वरची कडी, पायांखालच्या पट्टीला खालची. झोपाळ्यावर बसलेल्यांचं सगळं ओझं त्याच्या अंगातून वर तुळईला पोचतं. हत्ती काढला तर झोपाळाच खाली येईल. कोकणातली खोबरं खवायची आडाळीही तशीच: पुढे उचललेली मान, तोंडाशी दातेरी पातं, मागे बसायला पाठ. बसणाऱ्याच्या वजनानेच ती जागची हलत नाही.

ही नजर तयार करायला पुण्यात केळकर संग्रहालयासारखी जागा नाही. दिनकर केळकरांनी 1920च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवायला सुरुवात केली आणि 1975 साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. आमच्या शेजारच्या कोथरूडचा मस्तानी महालही त्यांनीच तिथे नेऊन उभा केला. घरातल्या साध्या वस्तूंवर इतकं प्रेम करणारा माणूस आपल्या शहरात होऊन गेला, याचा मला फार अभिमान वाटतो.

उपयोगाला येणारी अशी जनावरं फक्त आपल्याकडेच नाहीत. इजिप्तमध्ये 1922 साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात सिंहाच्या आणि गायीच्या रूपातले पलंग होते. फ्रान्सचे शिल्पकार फ्रांस्वा-झाव्हिये लालान यांनी 1964 साली पितळेचा गेंडा केला. त्याची कूस उघडली की लिहायचं मेज.

आता माझ्या कामातली खरी अडचण सांगतो. बैलाचा मागचा पाय मध्येच वळतो. सरळ फळीतून तो आकार कापला, तर त्या वळणावर लाकडाची रेषा आडवी तुटते आणि पाय नेमका तिथेच मोडतो. म्हणून मी मुळातच वाकलेली बाभळीची फांदी शोधतो. नांगर करणारे सुतार हेच करत आले. रेषा वळणाबरोबर वळली की बारीक पायही माणसाचं वजन घेतो. आधी वाकसाने तासायचं, मग पटाशी, मग कानस. बैठकीत कुसू बसवतो, खिळा मारत नाही. शेवटी जवसाचं तेल. डोळे, कान, वशिंड तेलाच्या अगदी आधी, तेही गरजेपुरतं.

हल्ली तयार खुर्चीला सिंहाचं तोंड वरून चिकटवून देतात. ते मला पटत नाही. तुम्ही जनावराच्या रूपातलं काही करवून घ्याल, तेव्हा पायाच्या वळणावर बोट फिरवून लाकडाची रेषा पाहा. ती तुटली असेल, तर कोरीव काम कितीही देखणं असो, घेऊ नका.