स्वतःला बोल लावून माणूस सुधारतो का?

गैरसमज : स्वतःला धारेवर धरलं नाही, तर आपण आळशी होऊ.

मुलाचं कौतुक केलं की ते शेफारतं, या धास्तीने आपल्याकडे अनेक घरांत शाबासकी आवरती घेतली जाते. तीच मुलं मोठी झाली की स्वतःशीही त्याच सुरात बोलतात आणि त्याला शिस्त म्हणतात.

वस्तुस्थिती : २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड चाचणी दिली. ती जड गेल्यावर एका गटाला सांगितलं, ‘असं अनेकांचं होतं, स्वतःवर फार चिडू नका.’ दुसऱ्या गटाला, ‘इथे प्रवेश मिळाला म्हणजे तुम्ही हुशारच आहात.’ तिसऱ्याला काहीच नाही. पुढच्या चाचणीसाठी सर्वांत जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने. चूक झाली हे त्यांच्यापासून कुणी लपवलं नव्हतं. फक्त त्या चुकीवरून त्यांची लायकी काढली नव्हती. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

गैरसमज : मग रोज सकाळी ‘मी उत्तम आहे’ असं घोकावं.

वस्तुस्थिती : कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. ज्यांच्या मनात स्वतःबद्दल आधीच हीन भावना होती, त्यांना अशी वाक्यं घोकून आणखी वाईट वाटलं. न पटणारं वाक्य म्हटलं की मन त्याविरुद्धचे सगळे जुने दाखले बाहेर काढतं.

मग करायचं काय? अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठी वाचकांना ती मुख्यतः कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ठाऊक आहे. एलिस यांचं म्हणणं असं, की कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. ‘मुलाखतीत मला उत्तर सुचलं नाही’ ही घडलेली गोष्ट आहे. ‘मी बावळटच आहे’ हा निवाडा आहे, आणि निवाड्याला पुरावा मागता येतो. मला कधीच काही सुचत नाही का? मागच्या महिन्यात ऑफिसात सगळे अडले होते, तेव्हा वाट कुणी काढली? मैत्रिणीची मुलाखत अशी गेली असती, तर मी तिला बावळट म्हटलं असतं का? हे प्रश्न मनातल्या मनात विरतात, म्हणून ते वहीत लिहावेत.

गैरसमज : आधी आत्मविश्वास यायला हवा, मग पाऊल उचलावं.

वस्तुस्थिती : बहुधा क्रम उलटा असतो. तरुणपणी एलिस मुलींशी बोलायला प्रचंड घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकट्या बसलेल्या शंभरेक स्त्रियांशी ठरवून संभाषण केलं. भेटायचं कबूल केलं एकीनेच, आणि तीही आली नाही. पण नकाराने आभाळ कोसळत नाही, हे त्यांनी शंभर वेळा अनुभवलं आणि भीती ओसरली.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. ‘मी निरुपयोगी आहे’ हा विचार दोन-दोन आठवडे पाठ सोडत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो स्वभाव नसून नैराश्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यावर उपचार आहेत. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.