सांगलीत पाऊस भुरभुरतो, तरी सगळे ‘आयर्विनला किती फूट?’ असं का विचारतात?

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागात फिरायला निघालात, तर एक गंमत दिसेल. वरून नुसती भुरभुर चालू असते. छत्री उघडावी की नाही, असा पाऊस. तरी चहाच्या टपरीवर विषय एकच, “आज आयर्विनला किती फूट?”

याचं उत्तर जुन्या गल्ल्यांतून चालताना मिळतं.

सहा गल्ल्यांवरून सांगली हे नाव पडलं, असं जुनी माणसं सांगतात. ही लोकांच्या तोंडची गोष्ट, पण गाव एकेकाळी एवढंसंच होतं हे खरं. 1801 साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या घरातून वेगळे झाले आणि त्यांनी या कृष्णाकाठच्या गावात राजधानी मांडली. गणेशदुर्ग, भोवती खंदक, नदीजवळ काळ्या दगडातलं गणपती मंदिर आणि आजूबाजूला पेठा असं शहर उभं राहिलं.

याच अप्पासाहेबांनी विष्णुदास भाव्यांना नाटक करायला सांगितलं. 1843 साली इथं ‘सीता स्वयंवर’ झालं. 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो तो यामुळेच.

गणेशदुर्गातल्या तुरुंगाची गोष्ट तर ऐन पावसातली. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी तुरुंग फोडून बाहेर पडले. पुढं कृष्णेला पूर आणि मागं पोलीस. दादांना गोळी लागली, त्यांचे दोन साथीदार हुतात्मा झाले.

पुढं टिळक चौकातून नदीकडं वळलं की आयर्विन पूल. 1929 साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तो सुरू झाला. त्याआधी पावसाळ्यात पलीकडं जायचं म्हणजे नावेचा भरवसा. आज सगळी सांगली पाण्याची उंची मोजते ती याच पुलाजवळ. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका.

मग पाणी येतं कुठून?

सांगलीचा स्वतःचा पाऊस तसा बेताचा. पूर येतो तो घाटातून. महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यात धो धो कोसळलेलं पाणी कराडला एकत्र येतं आणि खाली सांगलीकडं निघतं. सांगलीच्या पुढं हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणाही भरून आली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं फुगतं. म्हणून सांगलीत ऊन पडलेलं असतानाही पाणी चढू शकतं.

ऑगस्ट 2019 मध्ये पातळी 57 फुटांच्या वर गेली, म्हणजे धोक्याच्या रेषेवर 12 फूट. मारुती चौक, हरभट रोड ही ऐन बाजारपेठ पाण्याखाली होती. 2005 मध्येही 50 ची रेषा ओलांडली होती, 2021 मध्ये पुन्हा ओलांडली.

हरिपूरची पेवं हे याचंच उदाहरण. इथल्या मातीत खोल खड्डे खणून हळद वर्षानुवर्षं ठेवायचे. कीड लागायची नाही. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि पेवांचा हा धंदाच मोडला.

त्यामुळं इथं प्रत्येक गल्लीला आपला आकडा पाठ असतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटसारख्या सखल भागांत इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरायला लागतं. तिथल्या बाईला बातम्या लागत नाहीत. किती फुटांना गॅस सिलिंडर माळ्यावर चढवायचा, किती फुटांना म्हाताऱ्या माणसांना विश्रामबागेतल्या पाहुण्यांकडं पोचवायचं, हे तिचं ठरलेलं असतं.

पण हा आकडा नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूला माहीत नसतो. म्हणून पावसाळ्यात सांगलीत घर बघायला गेलात, तर भाडं नंतर विचारा. आधी शेजाऱ्यांना विचारा, “इथं पाणी किती फुटांना येतं?”