गाडी न थांबणारं बेट : दिवाडी

मुंबईहून कोकण रेल्वेनं मडगावला जाणारा प्रत्येक जण दिवाडी बेटावरून गेलेला असतो; त्याला ते ठाऊक नसतं, इतकंच. थिवी सुटलं की बॅगा खाली काढायची घाई सुरू होते. करमळीच्या आधी खिडकीत भाताची खाचरं येतात, तिवरांचे पट्टे येतात आणि मग एकाएकी मांडवीचं रुंद पात्र. तिच्यावरच्या पुलाअलीकडची सपाट हिरवी जमीन म्हणजे दिवाडी. 1998 पासून गाड्या बेटावरून धडधडत जातात, पण बेटाला स्टेशन नाही. उतरायचं तर अजून फेरीबोटच.

आम्ही नवरा-बायको जुन्या गोव्याहून गेलो, भाड्याच्या मोटरसायकलवर. व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलं की समोरच धक्का. बोटीत आमच्याबरोबर सायकलला पावाची टोपली बांधलेला पदेर होता, मासळीची पिशवी स्कूटरला अडकवलेली एक बाई होती आणि शाळा सुटलेली पोरं. तिकीट कुणी मागितलं नाही. काही मिनिटांत पलीकडचा उतार आला आणि सगळे एकदम भुर्रकन पांगले.

बेट तसं लहान. मोटारीनं गेलात तर बघता बघता संपेल आणि पाहिलं काय, हे सांगता येणार नाही. दुचाकीचं तसं नाही. बोटीपासून रस्ता भातशेतीतून सरळ टेकडीकडे जातो. ऑक्टोबरातलं पिवळं पडत चाललेलं भात दोन्हीकडून अंगावर येतं, बगळे उठतात, चिखलाचा वास नाकात बसतो. चालवणाऱ्याचं लक्ष खड्ड्यांवर, त्यामुळे बघायचं काम माझ्याकडे. "थांबा हो जरा," असं मी इतक्यांदा म्हटलं की शेवटी ह्यांनी गाडी पळवणंच सोडून दिलं.

इतिहास सगळ्यांना पाठ आहे, तरी उरकून टाकते. गोव्याच्या कदंबांचा देव सप्तकोटीश्वर इथल्या नार्व्यातला. त्याच्या वरप्रसादानं आपण राजे, असं ते नाण्यांवरही लिहीत. बहमनी काळात देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं ते पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग विहिरीवर पाणी शेंदायच्या कामाला लावलं होतं, तिथून भाविकांनी ते गुपचूप नदीपार नेलं, असं सांगतात. डिचोलीच्या बाजूच्या त्या जागी 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ बांधवलं. देवापाठोपाठ गावाचं नावही गेलं. आज नदीच्या दोन्ही काठांना एकेक नार्वे आहे. बेटावरच्याच नावेलीचा गणपती असाच खांडोळ्याला गेला. अलीकडच्या नार्व्यात कोटीतीर्थाच्या दगडी पायऱ्या उरल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा त्यांवर गुडघाभर गवत होतं.

टेकडीवर पिएदादचं चर्च आहे. त्याच्या अंगणातून मांडवीपलीकडचे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. लोक इथेच फोटो काढतात आणि परततात. मी मात्र रमले ती खाली, एका लाकडी दारापाशी.

दिवाडीची ही सखल शेती खाजन जमिनीची, म्हणजे खाडीकडून बांध घालून मिळवलेली. भरतीला नदीची पातळी शेताहून उंच असते. मध्ये बांध नसता तर मघाचा तो रस्ताही पाण्याखाली असता. बांधात जागोजागी 'मानस' असते. मानस म्हणजे पाण्याचं दार. भरती आली की बाहेरचं पाणी दाबतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की शेतात साचलेलं पाणी तेच दार ढकलून निघून जातं. ना मोटर, ना कुलूप. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून हे असं चाललंय.

त्या मानशीवर एक म्हातारे शेतकरी बसले होते, ओहोटीची वाट बघत. "तुमी खंयचीं?" त्यांनी विचारलं. रत्नागिरीकडचे म्हटल्यावर ते मोडक्यातोडक्या मराठीवर आले. आतल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं, मान हलवली आणि मलाही चाखायला लावलं. मला ते नुसतंच मचूळ लागलं; त्यांना त्यातून दार कुठे गळतंय ते कळत असावं. दार मत्तीच्या लाकडाचं, म्हणजे आपल्याकडच्या ऐनाचं. खाऱ्या पाण्यात तेच टिकतं. बांध चिखलाचा, आत पेंढा आणि काठ्या, नदीच्या अंगाला जांभा. बांधाचा सगळ्यांत मोठा वैरी कोण, तर खेकडा. त्याचं भोक वेळीच बुजवलं नाही तर अमावास्येच्या उधाणात तिथूनच बांध फुटतो. मग पावसानं मीठ धुऊन काढेपर्यंत जमीन मेलेली. म्हणून इथे खारं पाणी सोसणारं कोरगूट भात पेरत.

पूर्वी बांधाची राखण गावकारी, म्हणजे कोमुनिदाद ही गावची संस्था करायची. त्या खर्चासाठी मानशीवरच्या मासळीचा लिलाव व्हायचा. 1964 च्या कूळ कायद्यानंतर जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली आणि कुठलं काम कुणाचं, याचा घोळ सुरू झाला. खनिजाच्या बार्जेस नदीतून जात तेव्हा त्यांच्या लाटांनी बांध पोखरले, हा आणखी एक हिशेब. पडीक खाचरात तिवरं उगवतात, आणि एकदा ती उगवली की परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शेत हळूहळू खाडीला परत जातं. टेकडीवरून हे सगळं हिरवंगार, छान दिसतं. मलाही तसंच दिसलं होतं.

"भुरग्यांक शेत नाका, बाय," म्हातारेबाबा म्हणाले, "तांकां बोट जाय." बोट म्हणजे फेरीबोट नव्हे, दूरदेशीच्या जहाजावरची नोकरी.

ऑगस्टातल्या चौथ्या शनिवारी ही पोरं सुट्टी जुळली तर येतात, बोंदेराम उत्सवासाठी. जमिनीच्या हद्दीवरून वाड्यांची भांडणं होत, पोर्तुगीजांनी हद्दींवर झेंडे रोवले, लोकांनी ते पाडले. त्या भांडणाचा आता उत्सव झालाय. वेळूच्या नळीची 'फोटाश' नावाची खेळण्यातली बंदूक, तिच्यात रानातली कच्ची फळं घालून एकमेकांवर मारायची. बाबा ती अजून स्वतः करतात. नळी नेमक्या पेरात कशी कापायची, दट्ट्या किती घट्ट हवा, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. विकत का नाही, विचारलं तर हसले. उत्सवात हल्ली लाउडस्पीकर इतके, की फोटाशीचा आवाज ऐकू येत नाही, ही त्यांची तक्रार.

रस्त्याचा पूल हवा की नको, हा वाद बेटावर जुनाच आहे. "पूल झाला की हे संपलंच," चहा पिताना हे म्हणाले. दुकानातल्या बाईंनी कप ठेवता ठेवता ऐकलं. "तुमकां तशें दिसता. रातीं कोणाक ॲटॅक आयलो जाल्यार?" ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. पुलाच्या बाजूनं आणि विरुद्ध आम्ही बरंच ऐकलं. मानशीचं दार पुढे कोण बदलणार, हे मात्र कुणाच्या बोलण्यात आलं नाही.

जायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, कापणीच्या आधी जा. जुन्या गोव्याहून चढा आणि नार्व्याच्या फेरीनं पलीकडे उतरा. सप्तकोटीश्वराचं देऊळ तिथून जवळ आहे, 2023 मध्ये त्याचा जीर्णोद्धार झालाय. बांधावर गाडी घालू नका. चाकोरी पडते तिथे पाणी साचतं आणि माती तिथूनच खचायला लागते.