बँकेसमोरचा बाजार

“बाबा, आता बँकेसमोर कुणीच उभं राहात नाही,” असे माझा मुलगा २००७ च्या डिसेंबरात रडवेल्या सुरात म्हणाला, तेव्हा तो नववीत होता आणि मी व्हाउचरांच्या गठ्ठ्यात बुडालेलो होतो. आमची शाखा कोअर बँकिंगवर जायची होती. त्याची बँक कुठली, हे न विचारताच मी म्हणालो, “मग अभ्यासाला बस.”

ती बँक ‘रूनस्केप’ या खेळातली होती. इंग्लंडमधल्या अँड्र्यू गोवर याने २००१ साली सुरू केलेला हा इंटरनेटवरचा खेळ. आपण एक पात्र घ्यायचे, लाकडे तोडायची, मासे धरायचे, खाणीतून लोखंड काढायचे आणि सगळे बँकेत ठेवायचे. पाटीवर तुम्ही नसलात तरी ते जग चालूच. प्रत्येक कसबाची ९९ वी पायरी गाठायला एक कोटी तीस लाखांहून अधिक गुण लागतात, आणि गंमत म्हणजे ९२ व्या पायरीवर पोचलात की जेमतेम अर्धी वाट सरते. चक्रवाढ व्याज मी जन्मभर लोकांना समजावले. पोराला ते खेळाने शिकवले.

व्हॅरॉक, फालाडोर या शहरांतल्या बँकांसमोर खेळाडू ओरडून माल विकत. घासाघीस, फसवणूक, ओळखी, सारे तिथेच. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘ग्रँड एक्स्चेंज’ आला. भाव लिहून ठेवायचा, अनोळखी माणसाशी व्यवहार आपोआप जुळतो, माल पेटीत येऊन पडतो. बोलायचे काही कारणच उरले नाही. पाठोपाठ जानेवारी २००८ मध्ये एकतर्फी देवाणघेवाणीवर बंधन आले. नवख्या मित्राला फुकट चिलखतही देता येईना.

कारण मला फार उशिरा कळले, आणि कळल्यावर माझ्यातला अधिकारी जागा झाला. खेळातले सोने खऱ्या पैशाला विकणाऱ्या टोळ्या चोरीच्या क्रेडिट कार्डांवर सभासदत्व घेत. मूळ कार्डधारकाने तक्रार केली की पैसे परत द्यायचे कंपनीने! मी त्या खुर्चीत असतो तर मीही तेच परिपत्रक काढले असते. पण परिपत्रक काढणाऱ्याला बँकेसमोरची गर्दी दिसत नाही. आमच्या शाखेत पहिल्या तारखेला टोकन घेऊन बसणाऱ्या पेन्शनरांनाही कुणी काही विचारले नव्हते. मीही नाही.

मुक्त देवाणघेवाण फेब्रुवारी २०११ मध्ये परत आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये मात्र लढण्याची रीतच बदलली आणि जुने खेळाडू भराभर निघून गेले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची एक राखून ठेवलेली प्रत निघाली. ती उघडावी का, यावर कंपनीने मतदान घेतले. साडेचार लाखांच्या आसपास मते पडली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाले. गाव जसेच्या तसे परत मिळाले, खाती मात्र शून्यावर. इतक्या वर्षांची कमाई त्या दुसऱ्या, बदललेल्या गावातच राहिली. तरी लोक आले आणि पुन्हा पहिल्या झाडावर कुऱ्हाड चालवू लागले. नवे काहीही आणायचे तर खेळाडूंच्या मतदानात पंचाहत्तर टक्के कौल हवा, असे तिथे ठरले. ही अट २०२२ मध्ये सत्तरवर आली.

हे सगळे मला गेल्या दिवाळीत मुलाने सांगितले. त्याची मुलगी झोपली की अर्धा तास तो अजून खेळतो. शेजारी बसून मी पाहात होतो. मासे धरून झाले, आणि त्याने ते ग्रँड एक्स्चेंजमध्ये नेऊन टाकले.

“हा इथंही आहे?” मी विचारले.

“२०१५ ला आला. मतदानानं.”

“आणि तू?”

“बाजूनं दिलं, बाबा.” तो पडद्याकडेच पाहात होता. “नोकरी लागली होती ना. बँकेसमोर ओरडत उभं राहायला वेळ कुठं होता?”