निवळीपासून मुडदुशीपर्यंत: वजनाच्या ऑपरेशननंतरचं कोकणी पथ्यपाणी

वजन कमी करण्याचं ऑपरेशन मुंबईत होवो, पुण्यात होवो की कोल्हापुरात, पेशंट बरा व्हायला घरी येतो तो रत्नागिरीत. सोबत आहाराचा छापील तक्ता असतो: आधी पाण्यासारखं पातळ, मग घट्टसर पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. तो वाचून घरचे गोंधळतात आणि थेट मेडिकलमध्ये डबे आणायला धावतात. या चारही पायऱ्यांचे पदार्थ कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले आहेत. त्यांना क्रमाने लावायचं आणि त्यांतली एक मोठी उणीव भरून काढायची, एवढंच काम उरतं.

आधी जागेचा हिशेब

मोठ्या माणसाच्या जठरात एक ते दीड लिटर अन्न सहज मावतं. 'स्लीव्ह' ऑपरेशनमध्ये त्याचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, साधारण शंभर-दीडशे मिलिलिटरची. 'बायपास' या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये तर जठराची वरची पिशवी सुमारे ३० मिलिलिटरचीच ठेवतात, म्हणजे दोन मोठे चमचे! आतली शिवण भरून यायला काही आठवडे लागतात. तोवर चावून खायचा घास त्या जागेला सोसत नाही.

भूकही जाते!

भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ साली जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांच्या गटाने शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि 'स्लीव्ह'मध्ये नेमका तोच भाग जातो. म्हणून कित्येकांना काही महिने भूक अशी जाणवतच नाही. "भूक लागली की सांग" हे वाक्य या घरात चालत नाही. घड्याळ बघून वाटी पुढे करावी लागते.

पोटाला पडलेली खिडकी

१८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरचं भोक कायमचं राहिलं. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. विल्यम ब्यूमाँट यांनी त्या भोकातून अन्न कसं पचतं ते वर्षानुवर्षं पाहिलं आणि १८३३ साली पुस्तकच काढलं. त्यातल्या तक्त्यात मऊ शिजवलेल्या भाताला वेळ दिली आहे एक तास, तर भाजलेल्या डुकराच्या मांसाला सव्वापाच तास. आजाऱ्याला मऊ भात देणाऱ्या आपल्या आज्यांचा अंदाज किती अचूक होता, ते यावरून कळतं.

उकड्या तांदळाची पेज, आणि ती का?

पहिल्या दिवसांत नुसती पेजेची निवळ, चिमूटभर मीठ घालून, गाळून. मग हळूहळू पेज. तांदूळ उकडा असेल तर उत्तम, आणि त्यामागे पक्कं शास्त्र आहे. भात सालासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडला की कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व बऱ्यापैकी दाण्यात उतरतं. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते फारसं उरत नाही. पांढऱ्या तांदळातल्या या कमतरतेचं कोडं सुटायला सुरुवात झाली ती कोंबड्यांमुळे. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन यांना १८९०च्या दशकात जावामध्ये दिसलं, की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि बिनसडीचा तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या विषयाशी याचा संबंध जवळचा आहे: ऑपरेशननंतर वांत्या होत राहिल्या तर शरीरातलं ब-१ झपाट्याने संपतं आणि त्याचा मज्जातंतूंना धोका असतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी आधी, उकडा तांदूळ तिच्या जोडीला.

आता ती उणीव

प्रथिनं! ऑपरेशननंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असं आहारतज्ज्ञ सांगतात. पेलाभर पेजेत ती जेमतेम एक-दोन ग्रॅम. "पेज प्यायला, झालं" म्हणणाऱ्या घरात दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात आणि मग सगळे घाबरतात. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा थोडे केस तसेही गळतात, प्रथिनं कमी पडली की ते वाढतं. म्हणून माझं स्पष्ट मत: सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरांनी प्रथिनांची पावडर लिहून दिली असेल तर कोकणी स्वयंपाकाच्या अभिमानापोटी ती टाळू नका. पातळ ताकात किंवा कोमट पेजेत ढवळा. उकळत्या पेजेत घातली तर तिच्या गुठळ्या होतात.

आणि दूध पचत नसेल तर ताक. बायपासनंतर काहींना दुधातली साखर पचेनाशी होते.

बाळाचं खिमट, मोठ्याच्या वाटीत

तांदूळ आणि मूगडाळ भाजून, भरडून केलेलं खिमट कोकणात बाळांना देतात. वाटलेल्या अन्नाच्या टप्प्याला याहून सोपं काही नाही, फक्त मोठ्या माणसासाठी डाळीचं माप वाढवायचं. त्यानंतर कुळथाची पिठी. कुळथात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं. पिठी पातळ ठेवा आणि मिरची, लसूण, फोडणी हात राखून. अख्ख्या कुळथाच्या उसळीने गॅस होतो, तिला अजून वेळ आहे.

नाचणीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मूळची पूर्व आफ्रिकेची, आता डोंगरउतारावरची आपलीच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदळाच्या कितीतरी पट. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिचे सुधारित वाण काढले आहेत. गाळलेलं नाचणीसत्त्व ताकात शिजवलं की गुळगुळीत आंबील होते. कॅल्शियमची गोळी मात्र यामुळे सुटत नाही. बायपासमध्ये आतड्याचा नेमका तोच पहिला भाग वगळला जातो, जिथे कॅल्शियम आणि लोह सगळ्यांत चांगलं शोषलं जातं.

मिरकरवाडा बंदरातला मऊ घास

मांसापेक्षा मासा मऊ का? त्याच्या स्नायूंचे धागे आखूड असतात आणि त्यांना बांधणारा चिवट भाग फार कमी. म्हणून मऊ आहाराची परवानगी मिळाली की मासा पहिल्या रांगेत. किनाऱ्यावर आजाऱ्याला आणि लहान मुलांना मुडदुशी देतात. पातळ, बिनतिखट कालवणात ती शिजवायची, काटा न् काटा काढायचा आणि बोटाने कुस्करून द्यायची. कोलंबी, माकुल, तिसऱ्या रबरासारख्या चिवट, त्यांना थांबवा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुकी मासळी हा पर्याय नव्हे, ती खारट आणि कडक. त्या काळात अंडं: एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, मऊ उकडलेलं किंवा भुर्जीसारखं ओलसर.

हापूस, सावकाश!

आमरस गुळगुळीत असतो, मग चालेल? रत्नागिरीत मे महिन्यात हा प्रश्न येणारच. हापूसच्या गरात साखर भरपूर. बायपासनंतर गोड रस थेट आतड्यात उतरतो आणि घाम, धडधड, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. याला 'डंपिंग' म्हणतात. आमरसाची वाटी या वर्षी नको. फोडीपुरता आंबा, तोही काही महिन्यांनी, जेवणानंतर. फणसाच्या बरक्या गऱ्याचे दोरे अडकू शकतात, तोही लांबच ठेवा.

शहाळ्याचं पाणी सुरुवातीपासून अनेकांना चालतं. पण घोट घोट, आणि जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर. सोडा आणि कोल्ड्रिंक पूर्ण बंद.

कॉर्दोबाला गेलेला राजा

पातळ आहाराने वजन उतरवायची कल्पना हजार वर्षं जुनी आहे. स्पेनमधल्या लिओनचा राजा पहिला सांचो लठ्ठपणापायी गादीवरून गेला. त्याची आजी, राणी तोदा, त्याला कॉर्दोबाला हसदाय इब्न शाप्रुत या वैद्याकडे घेऊन गेली. सांचोचे ओठ शिवून त्याला नळीने पातळ पदार्थ पाजले, अशी आख्यायिका आहे. वजन उतरलं आणि ९६० साली राज्यही परत मिळालं. आपल्याकडे वजनाच्या ऑपरेशनची चर्चा घराघरांत झाली ती २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत ऑपरेशन करून घेतलं तेव्हा.

तक्ता संपला, तरीही

साधारण दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण सुरू होतं. मोकळा भात आणि ताजी पोळी मात्र बऱ्याच जणांना उशिरा सोसते, चिकट गोळा होऊन ती अडते. प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावा, ताटात प्रथिनं आधी, भात शेवटी. आणि एक विनंती: वांती थांबत नसेल, ताप असेल किंवा पोट दुखत असेल, तर काढे करत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला फोन करा. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी दर वर्षी करून घ्या, ऑपरेशनला दहा वर्षं झाली असली तरी.