बॅच गळते कुठून? तुमच्या आवाजातून!

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फिटनेस क्लासची फी, बॅचच्या वेळा आणि जागेचं भाडं यावर बोललो. एक मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तो भाड्यापेक्षा मोठा आहे. तुम्ही शिकवता कसं?

जानेवारीत तीस जण येतात, होळीपर्यंत बारा उरतात. मग आपण म्हणतो, लोकांना चिकाटीच नाही. बरं, पण टिकलेले बारा कोण आहेत ते पाहिलंत का? बहुतेक पहिल्या रांगेतले, ज्यांना आधीपासून जमत होतं तेच. गळाली ती मागची रांग.

1969 मध्ये अमेरिकेत, शिकागोजवळच्या इव्हान्स्टनला, ज्युडी शेपर्ड मिसेट ही तरुण नर्तिका जॅझ नृत्य शिकवत होती. तिच्याकडेही बायका यायच्या आणि थोड्या दिवसांत बंद व्हायच्या. तिने कारण मनाने ठरवलं नाही, सरळ विचारलं. उत्तर असं आलं, की आम्हाला नर्तिका व्हायचं नाहीये, फक्त नर्तिकेसारखं दिसायचंय. मग तिने स्टेप्स सोप्या केल्या आणि सगळ्यांना आरशाकडे पाठ करून उभं केलं. आता त्यांना आपल्या चुका दिसेनात. समोर दिसायची ती, हसून 'जमतंय' म्हणणारी. वर्ग भरू लागले. पुढे हाच क्लास 'जॅझरसाइज' या नावाने फ्रँचायझी होऊन देशोदेशी गेला. आरशाकडे पाठ करायला पैसे किती लागले? शून्य.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची मांडणी इथे उपयोगी पडते. माणूस एखादी गोष्ट मनापासून करत राहतो, कारण तिथे त्याला थोडी निवड असते, आपल्याला जमतंय असं वाटतं आणि कुणीतरी आपलं आहे असं वाटतं. तीस जणांसमोर तुम्ही ओरडलात, "काकू, गुडघा बघा जरा!" की या तिन्ही गोष्टी एका वाक्यात गेल्या. गुडघा सुधारेल, काकू गुरुवारी येणार नाहीत. आणि कारण तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. 'घरी पाहुणे आलेत' म्हणतील.

काही जण म्हणतात, सर, कडक राहिल्याशिवाय शिस्त लागत नाही. पोलीस भरतीच्या अकॅडमीत असेलही तसं. तिथे ध्येय ठरलेलं असतं, मुलं ओरडा खाऊनही येतात. तुमच्या सकाळी सहाच्या बॅचमधल्या ताईंना भरती व्हायचं नाहीये हो!

याचा अर्थ चूक सोडून द्या असा नाही. वजन उचलताना पाठ वाकली तर तिथल्या तिथे थांबवायलाच हवं. फक्त जवळ जा, हळू बोला. शब्दही बदलून बघा. गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनात वारंवार दिसलंय, की लक्ष शरीराच्या भागापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल चांगली जमते. म्हणून स्क्वॉटमधून उठताना "गुडघे सरळ करा" ऐवजी "जमीन खाली ढकला" म्हणा.

उद्याच्या बॅचला मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. घरी ऐकताना मोजा, नाव घेऊन चूक किती वेळा सांगितली आणि नाव घेऊन कौतुक किती वेळा केलं. मग गेल्या दोन महिन्यांत बंद झालेल्या तिघांना फोन करा. "परत कधी येताय?" विचारू नका, त्यांना ती वसुली वाटेल. विचारा, "क्लासमध्ये अवघड काय वाटत होतं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.