वजन घटू दे, ताकद नको

वजन कमी करायचं म्हणून अनेक भगिनी पहाटे चालतात आणि रात्रीचं जेवण सोडतात. काटा खाली येतो. पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मग हंडा जड वाटतो, जिना चढताना पाय भरून येतात. ज्यांचं पोट अंगमेहनतीवर आहे, त्यांना हे परवडणारं नाही. शिवाय रक्तातली साखर वापरण्याचं मोठं काम स्नायूच करतात.

म्हणून चालणं आणि ताकदीचा व्यायाम, दोन्ही हवेत. आठवड्यातून 5 दिवस 30 मिनिटं भरभर चाला. बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगानं. त्यातले 2 दिवस चालण्याआधी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा, भिंतीवर जोर काढा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत उचला. प्रत्येक प्रकार 10 वेळा, 2 फेऱ्या. या 2 दिवसांत एका दिवसाचं अंतर ठेवा. जिमची फी लागत नाही.

उपाशी राहू नका. तेल, साखर, भात कमी करा. पण डाळ, उसळ, अंडं, मासळी सोडू नका. तथागतांनीही देह झिजवणारी तपश्चर्या सोडून मध्यम मार्ग सांगितला.

रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या अंगणातच सगळ्या मिळून सुरुवात करा. जय भीम!